निरोप आणि वेळ



लहान धंदा करणाऱ्या गृहस्थास आपण विचारलें कीं, 'आपणांस कमी काय पडतें?' तर तो बहुधा 'भांडवल' असेंच उत्तर देईल. तें खोटें नाहीं. परंतु रोकड जशी चोपडींत मांडली जाते तशी ज्याची नोंद कोठेंच होत नाहीं, असेंही एक भांडवल त्याच्याजवळ असतें; तें म्हणजे वेळ. कामापेक्षां अर्धवट निरोपांतच तो अधिक वाया जातो, हें आज मला आपणांपुढें मांडावयाचें आहे.

एखादा लहानसा छापखाना घ्या. मालक, दोन कारागीर आणि एक पोऱ्या, एवढाच संसार. लग्नपत्रिका छापून घ्यावयास गिऱ्हाईक येतें आणि म्हणतें, 'जरा लवकर द्या हं!' मालक म्हणतो, 'परवां बघूं.' दोघांचेंही समाधान होतें. पण ठरलें काय? गिऱ्हाइकाच्या मनांत परवांची सकाळ असते, मालकाच्या मनांत जमलें तर परवांची रात्र. पत्रिकेंतील नांवें शेवटीं कोणीं तपासावयाचीं, हें तर कोणीच बोललेलें नसतें. मग गिऱ्हाइकाच्या तीन खेपा होतात, मालकास तीनदां हातांतलें काम टाकून उत्तर द्यावें लागतें, आणि आजोबांचें नांव चुकल्यामुळें सारा गठ्ठा पुन्हां छापावा लागतो. मोठ्या कारखान्यांत असा फटका अनेकांत वांटला जातो. येथें तो मालकाच्या झोपेवर आणि कारागिराच्या घरीं जाण्याच्या वेळेवर पडतो.

शब्द एक आणि घड्याळें दोन, असा प्रकार मुंबईनें पुष्कळ वर्षें प्रत्यक्ष अनुभवला आहे. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानांत प्रमाण वेळ सुरू झाली. परंतु तिच्याहून सुमारें ३९ मिनिटें मागें असणारी 'मुंबई वेळ' शहरांत १९५५ पर्यंत वापरांत राहिली. 'दहा वाजतां या' एवढें सांगून भागत नसे. कोणत्या घड्याळाचे दहा, तेंही सांगावें लागे. आज भिंतीवरचें घड्याळ एक झालें आहे. पण 'लवकर', 'संध्याकाळपर्यंत', 'आत्तां आलोंच' हे शब्द अद्यापि ज्याच्या त्याच्या घड्याळावर चालतात.

ह्याच मुंबईंत याच्या उलट उदाहरणही आहे. १८९० पासून चालत आलेला डबेवाल्यांचा व्यवसाय बाहेरून एक प्रचंड संस्था वाटतो. वस्तुतः मुकादमांच्या हाताखालील लहान लहान गट मिळून तो झालेला आहे. घरून निघालेला डबा वाटेंत अनेक हातांतून जातो. प्रत्येकास पत्ता समजावीत बसलें तर जेवणाची सुटी टळून जाईल. म्हणून डब्याच्या झांकणावर कांहीं अक्षरें व आंकडे रंगविलेले असतात: डबा कोणत्या भागांतून आला, कोणत्या स्टेशनावर उतरवावयाचा, कोणत्या इमारतींत व कितव्या मजल्यावर द्यावयाचा. पुढच्या माणसास लागणारें सर्व त्यांत आहे; न लागणारें कांहींच नाहीं. वेळही तेथें उलट मोजली जाते. आधीं जेवणाची वेळ, तिच्या मागें लोकलची, आणि तिच्या मागें घरीं डबा तयार पाहिजे ती. एका दारीं खोळंबा झाला तर पुढच्या साऱ्यांचीं जेवणें खोळंबतात, हें घरच्या गृहिणीलाही ठाऊक असतें. २०२० च्या टाळेबंदीपासून त्यांचा व्याप बराच घटला, तरी त्यांची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे.

ती आपल्या व्यवहारांत आणणें कठीण नाहीं. निरोपांत चार गोष्टी असाव्या: काय, किती, केव्हां आणि कोणीं. 'लवकर' ह्याऐवजीं 'गुरुवारीं सायंकाळीं सहा वाजतां' म्हणावें. ऐकणाऱ्यानें तो निरोप परत म्हणून दाखवावा; ह्यांत कोणाचाही अपमान नाहीं. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणसें शब्द पारखून घालीत. २०१३ सालीं तार बंद झाली. मोबाइलवरचा निरोप जवळजवळ फुकट पडतो, म्हणून ती पारखही सैल झाली आहे. दिवसभर टिणटिणणाऱ्या त्या यंत्रास दर वेळीं उत्तर देण्यापेक्षां, सकाळीं कामास हात घालण्यापूर्वीं आणि दुपारीं जेवणानंतर, अशा दोन वेळा ठरवून त्या गिऱ्हाइकांस कळवाव्या. वायदा करतांना थोडी सवड राखावी. आणि तो पाळतां येणार नाहीं असें दिसतांच, मुदत संपण्यापूर्वीं, आपण होऊन तसें सांगावें. उशीर गिऱ्हाईक एक वेळ सोसतें. पण आपल्याला कोणी कळविलेंही नाहीं, हें तें विसरत नाहीं.

लहान दुकानाला मोठ्या जाहिरातीचें बळ नसतें. 'त्यांनीं सांगितलें म्हणजे त्या वेळीं मिळणारच' असें चार घरांत बोललें जाणें, हीच त्याची जाहिरात. ती विकत मिळत नाहीं. रोजच्या बोलण्यांतून मिळवावी लागते. तिच्याबरोबर आणखी एक लाभ होतो. दुकान वेळेवर बंद होतें, आणि मालक व नोकर दोघेही मुलांच्या जेवणाच्या वेळीं आपापल्या घरीं पोहोंचतात.