स्टार्टरच्या पेटीतला केसाएवढा तडा

अकोट तालुक्यात विहिरीवरचा ऑटो स्टार्टर रुसला की तो पेटीसकट दुकानात येतो. कारागीर कार्ड उलटं करून भिंगाखाली धरतो. रिलेच्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या पायाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसली की निदान ठरलेलं: ‘ड्राय सोल्डर’. पाय जागेवर असतो, सोल्डरही असतं, पण दोघांचा संबंध तुटलेला असतो. शेतकरी म्हणतो, उन्हानं जळलं. ऊन दोषी आहेच, पण इथे जळलेलं काही नसतं.

आपल्या भागात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. उघड्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तो त्याहून कितीतरी वर असतो. संध्याकाळी पेटी निवते, पहाटे आणखी थंड होते. त्यात शेतीची वीज पाळीने येणारी. वीज आली की कार्ड आतून तापतं, गेली की गार पडतं. नुकसान करतो तो हा चढउतार. सतत गरम राहणारं कार्ड त्या मानाने कमी सोसतं.

तापल्यावर प्रत्येक पदार्थ आपल्या प्रमाणात फुगतो. हिरव्या फायबरग्लास कार्डाची लांबी दर अंशाला दशलक्षात साधारण 16 भागांनी वाढते, चिनीमातीच्या सुट्या भागाची 6 ते 7 भागांनी. 10 मिलिमीटर लांबीचा असा भाग कार्डावर बसवला आणि तापमान 50 अंशांनी बदललं, तर दोघांच्या वाढीत सुमारे 5 मायक्रॉनचा फरक पडतो. केसाची जाडी साधारण 70 मायक्रॉन असते, म्हणजे हा फरक नगण्य वाटेल. पण दोन्ही टोकांना बसणारा हा ताण सोल्डरच्या अगदी पातळ थराला सोसावा लागतो, आणि तोही रोज, उलटसुलट दिशांनी.

सोल्डर एवढं हळवं का? शिसं-कथलाचं सोल्डर 183 अंशांना वितळू लागतं. निरपेक्ष मापात 456. आपली 27 अंशांची खोली त्या मापात 300. म्हणजे साध्या खोलीतसुद्धा सोल्डर आपल्या वितळबिंदूच्या दोन तृतीयांशापर्यंत पोचलेलं असतं. लोखंड त्या अवस्थेला आणायचं तर ते 900 अंशांच्या वर तापवावं लागेल, लोहाराच्या भट्टीत लालबुंद. असा धातू ताणाखाली हळूहळू सरकतो, त्याचे कण मोठे होतात आणि कणांच्या सीमांवरून बारीक चीर पुढे सरकू लागते. पाय आणि सोल्डर यांच्या सांध्यावर तांबं-कथलाचा ठिसूळ थर वर्षानुवर्षं जाड होत असतो, तो वेगळाच.

तडा जाताच यंत्र लगेच बंद पडत नाही, आणि खरी डोकेदुखी तीच. चिरेच्या दोन्ही कडा कधी टेकतात, कधी सुटतात. सकाळी न चालणारा स्टार्टर दुपारी चालतो. जुन्या टीव्हीला थापट मारली की चित्र यायचं, त्यामागेही अनेकदा हेच कारण असायचं. जिथे प्रवाह मोठा, तिथे चिरेत बारीक ठिणग्या उडतात, भोवतालचं कार्ड काळवंडतं, आणि मग लोकांना वाटतं की उन्हानं जळलं.

हा बिघाड फक्त स्वस्त कार्डांचा नाही. 28 डिसेंबर 2014 रोजी सुराबायाहून सिंगापूरला निघालेलं एअर एशियाचं एअरबस ए320 जावा समुद्रात कोसळलं. 162 जणांचे प्राण गेले. इंडोनेशियाच्या चौकशीत असं आढळलं, की रडरची हालचाल मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेच्या कार्डावर सोल्डरला तडे होते. ते तापण्या-गार होण्याच्या चक्रांतून येतात, असंही अहवालात नोंदलं गेलं. त्या तड्यांनी इशारे पुन्हा पुन्हा वाजत राहिले, आणि ते थांबवण्याच्या खटपटीनंतर विमान वैमानिकांच्या ताब्यात राहिलं नाही. या यंत्रणेचे बिघाड आधीच्या 12 महिन्यांत 23 वेळा नोंदले गेले होते. प्रत्येक वेळी तात्पुरता उपाय होत गेला, मूळ तडा तसाच राहिला.

म्हणून जुन्या टाक्यावर नुसता गरम सोल्डरिंग आयर्न टेकवून काम उरकणं मला पटत नाही. जुनं सोल्डर पंपाने ओढून काढावं, पाय घासून स्वच्छ करावा, फ्लक्स लावून नवं सोल्डर भरावं आणि ते गोठेपर्यंत भाग हलू देऊ नये. हलला तर नवा टाका जन्मतःच कच्चा. स्वस्त कार्डांत तांब्याचा थर एकाच बाजूला असतो, भोकातून आत सोल्डर चढत नाही, म्हणून रिलेसारखे जड भाग सिलिकॉनने कार्डाला चिकटवून घ्यावेत. विशेषतः ज्या पेटीला मोटारीची थरथर पोचते, तिथे.

आणि पेटीला सावली द्यावी. कॉफिन आणि मॅन्सन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1950च्या दशकात स्वतंत्रपणे मांडलेल्या नियमानुसार धातूवरचा असा उलटसुलट ताण निम्मा झाला, तर तो तुटण्याआधी साधारण चौपट चक्रं सोसतो. पेटी भिंतीच्या उत्तरेला लावली आणि वर चार बोटं अंतर सोडून दुसरा पत्रा टाकला, की रोजचा चढउतार बराच खाली येतो. खर्च एका पत्र्याचा.