दंड भरला, पुढे काय?

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल सापडलं, की चालकावर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पावती फाडली की सुटलो, असं अनेकांना वाटतं. प्रकरण मात्र कोर्टात जातं आणि गुन्हा शाबित झाला, तर किमान सहा महिने लायसन्स हातचं जातं. टॅक्सीवर पोट असणाऱ्याची ही अर्ध्या वर्षाची कमाई.

पूर्वी तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडला, तरच वाढीव शिक्षा होई. २०१९ च्या दुरुस्तीने ती मुदतच काढून टाकली. आता जुना गुन्हा जुना होत नाही: १५,००० रुपये दंड, दोन वर्षांपर्यंत कैद.

विम्याचा फटका त्याहून मोठा. २००७ मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ एक पोर्शे फुटपाथवर आदळून जळाली. चालकाची ना श्वासचाचणी झाली होती, ना रक्ततपासणी. तरीही २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीने भरपाईला दिलेला नकार योग्य ठरवला.

परदेशी निघालेल्यांनी तर जपावंच. डिसेंबर २०१८ पासून कॅनडात दारू पिऊन गाडी चालवणं हा गंभीर गुन्हा मानला जातो. परदेशात झालेली शिक्षाही प्रवेशाआड येऊ शकते. अमेरिकी व्हिसाच्या अर्जदाराला गेल्या पाच वर्षांत अशी एक जरी अटक झाली असेल, तरी वैद्यकीय तपासणीला पाठवलं जातं. अर्जातला प्रश्नही नुसत्या शिक्षेबद्दल नसतो, अटकेबद्दलही असतो.