जुना संगणक, डेस्कटॉपची निवड आणि देवनागरी लेखन

दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था व ठराविक प्रोसेसर आवश्यक असल्यामुळे सुस्थितीतील कित्येक संगणक तिला अपात्र ठरले. ठाकुर्लीहून लोकलने विद्यापीठात ये-जा करावयाची आणि प्रबंध रात्री घरी लिहावयाचा, अशा विद्यार्थ्यास नवा संगणक परवडेलच असे नाही. लिनक्स हा त्यावरील एक उपाय होय. मात्र तीतील डेस्कटॉप यंत्राच्या शक्तीस अनुरूप हवा.

लिनक्समध्ये मूळ प्रणाली आणि डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या व पट्ट्या दाखविणारा दर्शनी भाग, या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकाच प्रणालीवर निरनिराळे डेस्कटॉप बसविता येतात. मेमरी ८ जीबी असेल तर ग्नोम किंवा केडीई प्लाझ्मा सुखाने चालतात. ४ जीबीस एक्सएफसीई वा माटे, आणि २ जीबीस एलएक्सक्यूटी घेणे इष्ट. केवळ मेमरी पाहून मात्र भागत नाही. ग्नोमला खिडक्या रेखाटण्यासाठी ग्राफिक्सचे साहाय्य लागते. ते न मिळाल्यास सारा भार प्रोसेसरवर पडतो. एक्सएफसीईमध्ये छाया व पारदर्शकता बंद ठेवता येतात.

डेस्कटॉप हलका घेतल्यास देवनागरी बिघडेल, ही शंका मात्र निराधार आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. हा अर्थभेद लेखनात केवळ रफार व अर्धा र यांच्या आकारावर उभा आहे. हे आकार जुळविण्याचे कार्य डेस्कटॉप करीत नाही. ते हार्फबझ ही संहिता करते. ग्नोम व एक्सएफसीई यांचा पाया असलेले जीटीके आणि प्लाझ्मा व एलएक्सक्यूटी यांचा पाया असलेले क्यूटी, ही दोन्ही हार्फबझचाच उपयोग करतात. सबब अक्षरे सदोष दिसल्यास प्रथम फॉण्ट तपासावा. रेड हॅटने २००४ साली मुक्त परवान्याने प्रसिद्ध केलेला लोहित, किंवा गूगलचा नोटो, बसविला म्हणजे बहुधा अडचण दूर होते.

तथापि डेस्कटॉप हलका झाला म्हणून ब्राउझर हलका होत नाही; २ जीबीच्या यंत्रावर अनेक पाने एकदम उघडणे टाळलेच पाहिजे. अखेरचा निर्णय अनुमानाने न करता, पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून प्रबंधाचे एक प्रकरण उघडून पाहावे. स्वतःच्या लेखनाची प्रत अन्यत्र सुरक्षित ठेवल्यावाचून जुनी प्रणाली पुसू नये.