ॲप अडलं की रेंजला दोष देण्याआधी हे बघा



जुलैचे शेवटचे दिवस. गोव्यातली 1 जूनची मासेमारी बंदी 31 जुलैला संपणार, म्हणून जेटीवर जाळी, बर्फ, डिझेल यांची धावपळ. त्यातच आपल्या एका तांडेलकाकांचा अर्ज ॲपवरून जाईना. सगळं भरायचं, 'सबमिट' दाबायचं आणि चक्र फिरत बसायचं. आम्ही म्हटलं, रेंज नसेल. दुसऱ्या दिवशी म्हटलं, सर्व्हर डाऊन असेल, थांबा जरा. चुकलोच आम्ही. कारण त्याच बाकावर बसून काकांच्या पुतण्याने आपला अर्ज दोन मिनिटांत पाठवला होता.

काकांच्या फोनमधलं ॲप दीड वर्षापूर्वीचं. डेटा वाचावा म्हणून आपोआप होणारं अपडेट त्यांनी बंद ठेवलेलं. आपल्यातले बरेच जण हेच करतात.

फोनमधलं ॲप आणि दूरचा सर्व्हर यांच्यात कुठली माहिती कशी पाठवायची ते ठरलेलं असतं. सर्व्हरवर एक नवा रकाना सक्तीचा झाला, की जुन्या ॲपला तो माहीतच नसतो. लिलावात सगळे किलोचा भाव बोलतायत आणि एकटा टोपलीचा आकडा सांगतोय, तसं. नीट चालवलेला सर्व्हर जुनी पद्धत काही काळ चालू ठेवतो, नाहीतर 'ॲप अपडेट करा' असं स्पष्ट सांगतो. इथे नुसतं चक्र. हे आम्हाला पटलेलं नाही, आणि संबंधित कार्यालयाला तसं लेखी कळवलंय.

कधी कधी फोनच जुना असतो. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था वेबसाइटना मोफत सुरक्षा प्रमाणपत्र देते. तिचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड 7.1.1 पासूनच्या फोनमध्येच असतं. त्याआधीच्या फोनना दुसऱ्या एका प्रमाणपत्राचा टेकू होता, तोही 30 सप्टेंबर 2024 ला संपला. म्हणून असे फोन चांगल्या साइटवरही 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतात. फोनची तारीख चुकली असेल तरी हाच प्रकार, ती आधी तपासा.

अपडेट फक्त प्ले स्टोअरवरून करा. व्हॉट्सॲपवर कोणी 'नवीन ॲप' म्हणून फाईल पाठवली तर हात लावू नका, पैसे जातील. आणि बोट सुटायच्या आदल्या रात्री अपडेट नको. अपडेटनंतर कधी पुन्हा लॉगिन मागतं, आणि समुद्रात ओटीपी येत नाही.

काकांचंही तेच झालं. अपडेट झालं, तर पासवर्ड आठवेना, ओटीपी जुन्या सिमवर. ते सिम घरी डब्यात सापडलं. अर्ज गेला 31 तारखेला संध्याकाळी.

ज्यांचं अजून अडलंय त्यांनी फोन, चार्जर आणि नोंदणी केलेलं सिम घेऊन ऑफिसात यावं. वाय-फाय आहे, अपडेट इथेच करून देऊ.