मुंबईहून निघालेली संख्या

समजा, तुमच्याकडे एक रुपया आहे आणि तो रोज दुप्पट होतो. तीस दिवसांत तो १०७ कोटींच्या वर जातो! पण थांबू नका. एकही दिवस न चुकता ३ लाख ७३ हजार वर्षं त्याला दुप्पट होऊ द्या. १३,६२,७९,८४१ वेळा! मग त्या राशीतून फक्त एक रुपया काढून घ्या. उरते ती आजवर सापडलेली सर्वांत मोठी मूळ संख्या.

तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. पहिला ८, शेवटचा १. न जेवता, न झोपता सेकंदाला एक अंक म्हणत गेलात, तर ४७५ दिवस लागतील.

आता ती कागदी पट्टीवर लिहू, अंकाला अर्धा सेंटिमीटर. सीएसएमटीवर पहिला आठ लिहायचा आणि रुळांच्या कडेने पट्टी उलगडत निघायचं. कल्याण गेलं, कर्जत गेलं, घाट चढून लोणावळा गेलं. १९२ किलोमीटरवर पुणे आलं, तरी अंक संपेनात! सांगलीच्या दिशेने आणखी १३ किलोमीटर चाला, तेव्हा कुठे शेवटचा एक येतो.

आणि लांबी तर किरकोळ बाब! पट्टीवर एक अंक वाढला की संख्या दसपट होते. दोन लाख लिटरची विहीर घ्या. एका मिलिलिटरचे वीस थेंब धरले तर तिच्यात चारशे कोटी थेंब. दहा अंक, पाच सेंटिमीटर. २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला ५० वाघिणींतून २५ लाख लिटर पाणी नेणारी जलदूत रेल्वे आठवते? तिचे थेंब पाच हजार कोटी, आणि पट्टी वाढली फक्त अर्धा सेंटिमीटर. काठोकाठ भरलेलं कोयना धरण, १०५ टीएमसी? साडेआठ सेंटिमीटर! मग दृश्य विश्वातले सगळे अणूच मोजू. शास्त्रज्ञांचा ढोबळ अंदाज आहे एकावर ऐंशी शून्यं. साडेचाळीस सेंटिमीटर, हातभरसुद्धा नाही! अख्खं विश्व सीएसएमटीच्या फलाटावरच आटोपलं आणि आपली पट्टी अजून २०५ किलोमीटर पुढे जायची आहे.

पण संख्या मूळ असल्याने एवढ्या राशीचे समान वाटे मात्र होत नाहीत. दोघांत करा, १४० कोटींत करा, विश्वातल्या प्रत्येक अणूला एकेक वाटा द्या. काही ना काही उरणारच!

‘जिम्प्स’ या स्वयंसेवी प्रकल्पात अमेरिकेच्या ल्यूक ड्युरांटने १७ देशांतले संगणक कामाला लावून ही संख्या शोधली. १२ ऑक्टोबर २०२४ला ती मूळ असल्याची खात्री झाली. घरच्या संगणकावरूनही या शोधात कोणालाही भाग घेता येतो, आणि मूळ संख्यांना अंत नाही हे युक्लिडने सुमारे २३०० वर्षांपूर्वीच सिद्ध केलं आहे. दहा कोटी अंकांच्या पहिल्या मूळ संख्येसाठी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने दीड लाख डॉलर ठेवले आहेत. तिची पट्टी ५०० किलोमीटरची होईल, सांगली आणि मिरज मागे टाकून कोल्हापूरच्या वाटेला लागेल. सांगलीकर विद्यार्थ्यांनो, संगणक सुरू करा.