पेरू-आवळा जरूर खा, पण मोतीबिंदूचे ऑपरेशन लांबवू नका

खारबाव (भिवंडी) : दिवा-वसई मार्गावरच्या खारबाव परिसरात भातशेतीत उन्हात राबलेले बुजुर्ग घरोघरी आहेत. साठीनंतर धुरकट दिसू लागले की कुणी व्हिटॅमिन सीच्या गोळ्या सांगतो, कुणी डोळ्यात लिंबू पिळायला सांगतो. यात खरे किती?

व्हिटॅमिन सीचा डोळ्याशी संबंध आहे, हे खरेच. बुबुळामागच्या भिंगाला धुणाऱ्या पाण्यात हे जीवनसत्त्व रक्तापेक्षा साधारण वीसपट जास्त असते. डोळ्यातल्या खास पेशी ते रक्तातून ओढून तिथे साठवतात. दिवसा वावरणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यात ते भरपूर, तर रात्री फिरणाऱ्यांच्या डोळ्यात कमी आढळते. म्हणजे उन्हापासून बचाव हेच त्याचे मोठे काम असावे.

कारण काय? भिंगाच्या मधोमध असलेली प्रथिने जन्माआधी तयार होतात आणि आयुष्यभर तीच राहतात, बदलली जात नाहीत. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे आणि ऑक्सिजनमुळे ती खराब होतात. हा मारा व्हिटॅमिन सी स्वतःवर झेलते. वय वाढते तशी ही ढाल कमजोर पडते, प्रथिनांच्या गुठळ्या होतात आणि भिंग पांढरट होते. हाच मोतीबिंदू. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात व्हिटॅमिन सी कमी असते आणि त्यांना मोतीबिंदूचा धोकाही जास्त असतो.

मग गोळ्या घ्याव्यात का? अमेरिकेत 2001 साली जाहीर झालेल्या मोठ्या अभ्यासात रोज 500 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि सोबत इतर जीवनसत्त्वे वर्षानुवर्षे दिली, तरी मोतीबिंदू रोखला गेला नाही. स्वीडनमधल्या अभ्यासात तर जास्त मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्यांत मोतीबिंदू अधिकच दिसला. 

आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज 80 आणि बाईला 65 मिलिग्रॅम पुरते. एका मध्यम पेरूत त्याहून जास्त मिळते. आवळा, संत्रे, लिंबू, हिरवी मिरची, कोथिंबीरही चालेल. फक्त शिजवल्याने ते बरेचसे नष्ट होते, म्हणून कच्चे खावे. लिंबू डाळीवर पिळायचे तर ताटात वाढल्यावर पिळा.

पण लिंबाचा रस, मध किंवा आवळ्याचे पाणी डोळ्यात अजिबात घालू नका. लिंबाच्या आम्लाने बुबुळावरचा नाजूक थर भाजतो. डोळ्याला लागणारे व्हिटॅमिन सी पोटातून, रक्तावाटेच पोहोचते.

आणि एकदा पांढरे झालेले भिंग कोणत्याही फळाने, गोळीने किंवा थेंबाने पुन्हा साफ होत नाही. ते काढून कृत्रिम भिंग बसवणे हाच उपाय. सरकारच्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात हे ऑपरेशन मोफत होते. मोतीबिंदू फार पिकू दिला तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. घरातल्या अब्बांना किंवा दादीला पायरी दिसत नसेल, तर पेरू हातात द्याच, पण याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडेही घेऊन जा.