प्रवाळ मेले तर मासमीनचा धंदा कशावर चालेल?

व्यापाराच्या पानावर समुद्राखालच्या प्रवाळांची चर्चा कशाला, असा प्रश्न काही वाचक बंधूंना पडेल. आमचे उत्तर साधे आहे. ज्या मालावर हजारो घरांची चूल पेटते तो माल कुठे आणि कसा तयार होतो, हे व्यापाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे. लक्षद्वीपच्या बेटांवर तयार होणारा मासमीन, म्हणजे उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवलेला कुपा मासा, हा असाच एक माल आहे. त्याचे मूळ समुद्राखालच्या प्रवाळांत आहे आणि आज तेच मूळ सुकत चालले आहे.

बेटांची रोजी

लक्षद्वीप केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २२० ते ४४० किलोमीटर अंतरावर आहे. सगळ्या बेटांची जमीन मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर भरते आणि वस्ती केवळ १० बेटांवर आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या ६४,४७३ असून शंभरातले शहाण्णवहून अधिक लोक मुसलमान आहेत. कारखाना उभारायला किंवा मोठी शेती करायला इथे जागाच नाही. नारळ आणि मासा, या दोनच गोष्टींवर पिढ्यान्‌पिढ्या गुजराण चालली आहे.

मात्र जमीन कमी असली तरी या बेटांच्या पदरी दुसरी मोठी दौलत आहे. बेटांभोवती प्रवाळांचा कठडा असतो आणि कठड्याच्या आत उथळ, शांत पाणी असते. त्याला लगून म्हणतात. लक्षद्वीपच्या लगूनांचे क्षेत्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे जमिनीच्या शंभरपटीहून अधिक. बेटवासीयांचे खरे शेत हेच होय.

गळ आणि जिवंत चारा

मिनिकॉय बेटावर कुपा पकडण्याची रीत फार जुनी आहे आणि शेजारच्या मालदीवशी ती जुळते. इतर बेटांवर १९६० नंतर यांत्रिक होड्या आल्या, तेव्हा ती तिकडेही पसरली. पहाटे होडी आधी लगूनमध्ये जाते आणि बोटभर लांबीचे चाऱ्याचे मासे बारीक जाळ्याने जिवंत पकडते. ते होडीतल्या टाकीत ठेवतात आणि टाकीत समुद्राचे ताजे पाणी खेळते राहते. मग होडी खोल समुद्रात शिरते. पाखरे घिरट्या घालताना दिसली की खाली कुप्याची झुंड आहे असे समजायचे. झुंडीपुढे जिवंत चारा फेकायचा, वरून पाण्याचे फवारे मारायचे आणि खवळलेला कुपा लांब काठीच्या गळाने एकेक करून होडीत ओढायचा.

या पद्धतीत दोन गुण आहेत. एक तर नको असलेला मासा, कासव किंवा पिल्ले यांची फुकट हत्या जवळजवळ होत नाही. दुसरे असे की मुख्य मासेमारी खोल समुद्रात होते, त्यामुळे प्रवाळातल्या माशांवर भार पडत नाही. लक्षद्वीपचे प्रवाळ इतकी वर्षे तग धरून राहिले त्याचे एक कारण हेच आहे, असे अभ्यासक मानतात.

पण या साखळीची पहिली कडी म्हणजे चाऱ्याचा मासा. तो लगूनमध्ये आणि प्रवाळांच्या फांद्यांच्या आडोशाला वाढतो. चारा नाही तर कुपा नाही आणि कुपा नाही तर मासमीन नाही. मग धुरीघर, वाळवण, होडी आणि अडत्याची पेढी, सगळेच थंडावते.

प्रवाळ पांढरे का पडतात?

प्रवाळ हा दगड दिसतो, पण तो जिवंत प्राण्यांनी बांधलेला असतो. बारीक प्रवाळकीटक आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. हे शेवाळ सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि बराचसा हिस्सा यजमानाला देते. काही प्रवाळांना लागणारी ९० टक्क्यांपर्यंत शक्ती अशी मिळते. प्रवाळाचा रंगही मुख्यतः या भाडेकरूचाच. हा सौदा दोघांच्याही फायद्याचा आहे.

पाणी तापले की हा सौदा मोडतो. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या सर्वाधिक तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशानेही काही आठवडे जास्त राहिले, तर प्रवाळ शेवाळाला अंगाबाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. याला विरंजन म्हणतात. पांढरा प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी लवकर निवले तर शेवाळ परत येते. पण उष्णता लांबली तर प्रवाळ उपाशी मरतो आणि त्याच्या सांगाड्यावर रानटी शेवाळ माजते.

समुद्र तापतो आहे तो कोळसा आणि तेल जाळून हवेत सोडलेल्या वायूंमुळे. त्यातला सुमारे चौथा हिस्सा कार्बन वायू समुद्र शोषून घेतो. त्याने पाण्याची आम्लता वाढते आणि प्रवाळांना चुन्याचे घर बांधणे जड जाते. म्हणजे एकीकडून आग आणि दुसरीकडून चुन्याची टंचाई.

मुद्दल आणि मुदत

लक्षद्वीपला असा मोठा तडाखा १९९८ साली बसला, पुढे २०१० आणि २०१६ साली बसला. २०२३ च्या अखेरीपासून समुद्रात पुन्हा उष्णतेची लाट आली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने बेटांवर तीव्र विरंजन झाल्याचे सांगितले. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या बेटांवर २४ वर्षे चाललेल्या एका अभ्यासात असे आढळले की १९९८ साली सुमारे ३७ टक्के असलेले जिवंत प्रवाळांचे आच्छादन २०२२ पर्यंत १९ टक्क्यांच्या आसपास आले. निम्मे मुद्दल गेले.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट व्यापाऱ्याला चटकन समजेल. तडाख्यानंतर प्रवाळ पुन्हा वाढू लागतात, पण खरी भरपाई सुमारे सहा वर्षांची उसंत मिळाल्यावरच वेग धरते. आता वर्षे मोजा. १९९८ ते २०१० ही उसंत १२ वर्षांची होती, २०१० ते २०१६ ही ६ वर्षांची आणि २०१६ ते २०२४ ही ८ वर्षांची. वसुली नुकती सुरू होते तोच नवे नुकसान दारात उभे राहते. अशा पेढीचे पुढे काय होते, हे आम्ही सांगायला नको.

पुढचे चित्रही दिलासा देणारे नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली २०२४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७० ते २००० या काळात हिंदी महासागरात उष्णतेच्या लाटेचे दिवस वर्षाला सुमारे २० होते. या शतकाच्या अखेरीस ते २२० ते २५० होतील, असा त्याचा अंदाज आहे. पृथ्वीचे तापमान दीड अंशाने वाढले तर जगातले ७० ते ९० टक्के प्रवाळ जातील आणि दोन अंशांनी वाढले तर जवळजवळ सगळेच, असे २०१८ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने सांगितले आहे.

प्रवाळांचा कठडा खचला तर नुकसान माशांपुरते राहत नाही. वादळी लाटांचा जोर हाच कठडा मोडतो. ओखी वादळाने २०१७ साली आणि तौक्तेने २०२१ साली बेटांना झोडपले, तेव्हा या कठड्याची किंमत कळली. तो झिजला तर किनारा झिजेल आणि विहिरींच्या गोड्या पाण्यात खारे पाणी शिरेल.

मासेमारीचा वाटा

समुद्राची उष्णता बेटावरचा मच्छीमार कमी करू शकत नाही. पण तापाने आजारी पडलेल्या माणसाचे अन्न तोडायचे की नाही, हे मात्र आपल्या हाती असते. पोपट मासा आणि त्याच्यासारखे चरणारे मासे प्रवाळावरचे शेवाळ खरवडून खातात. त्यांनी जागा साफ ठेवली तरच नवे प्रवाळ मूळ धरतात. हेच मासे बेसुमार पकडले तर शेवाळ माजते आणि प्रवाळ परत येत नाही. म्हणूनच मध्य अमेरिकेतील बेलीझ देशाने २००९ साली पोपट माशाच्या मासेमारीवर बंदी घातली.

हेकरू, ज्याला आपल्याकडे गोब्राही म्हणतात, त्याची गोष्ट वेगळी आहे. तो सावकाश वाढतो. त्याच्या बऱ्याच जाती आधी मादी असतात आणि मोठ्या झाल्यावर नर होतात. अंडी घालायला ते ठरलेल्या दिवसांत ठरलेल्या जागी जमतात. लक्षद्वीपच्या बित्रा बेटाजवळ अशी मोठी जमवाजमव संशोधकांनी नोंदवली आहे. अशा जागी चार दिवस जाळे टाकले की कित्येक वर्षांचे बियाणे संपते. गेल्या काही वर्षांत मुख्य भूमीवरच्या बाजारातून मागणी वाढल्याने बेटांवर प्रवाळातली मासेमारी वाढू लागली आहे. कुप्याने जो भार इतकी वर्षे टाळला, तोच आता प्रवाळांवर पडतो आहे.

आपल्या कोकणालाही हे परके नाही. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक हा पाण्याखालचा मोठा प्रवाळ पठार आहे. एलईडी दिव्यांच्या झोतात मासा ओढून घेणाऱ्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली. तरी रत्नागिरीच्या दालदी बांधवांपासून मालवणच्या रापणकरांपर्यंत लहान मच्छीमारांची तिच्याविरुद्धची तक्रार थांबलेली नाही.

आपण काय करावे?

मासळीच्या व्यापाऱ्यांनी माल घेताना तो कुठून आणि कोणत्या पद्धतीने आला, हे विचारण्याची सवय लावावी. गळाने पकडलेला कुपा आणि जाळ्याने उपसलेला कुपा एकाच भावात तोलू नये. मालदीवच्या गळाच्या कुप्याला २०१२ साली टिकाऊ मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. लक्षद्वीपचा मालही त्याच रीतीचा आहे. त्याची ओळख बाजारात नीट करून दिली तर मच्छीमाराला आणि अडत्याला, दोघांनाही फायदा आहे. पोपट मासा आणि लहान हेकरू यांची मागणीच करू नये.

शोभेच्या वस्तूंचे दुकानदार आणि शिंपल्यांचे कारागीर यांनी विशेष सावध राहावे. वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ सालापासून दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्री पंखे यांना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिले आहे. समुद्री काकडी आणि काही जातींचे मोठे शंखशिंपलेही त्यात येतात. हा माल दुकानात सापडला तर तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. ‘आम्ही फक्त विकत घेतला’ ही सबब चालत नाही.

जवाहिऱ्यांचे पोवळे किंवा मरजान ही निराळी जात आहे. तो मुख्यतः भूमध्य समुद्रातून आणि जपान-तैवानच्या बाजूने येतो. तरीही आयातीची कागदपत्रे असलेलाच माल घ्यावा, म्हणजे घोटाळा होत नाही.

प्रवाळ हे बेटांचे मुद्दल आहे आणि मासा हे त्यावरचे व्याज. आजवर बेटवासीयांनी व्याजावर संसार केला. आता समुद्राच्या उष्णतेने मुद्दलच घटत असताना बाजाराने व्याज वाढवून मागितले, तर दोन्ही हातचे जाईल. उष्णता रोखणे सरकारांचे आणि मोठ्या देशांचे काम आहे. ते त्यांनी करावे म्हणून आग्रह धरलाच पाहिजे. पण प्रवाळांना सहा वर्षांची उसंत मिळेल तेव्हा त्यांच्यापाशी चरणारे मासे शिल्लक असावेत, एवढे तरी आपल्या वजनकाट्यावरून आपल्याला पाहता येईल.